एफएमसीजीतलं करिअर आणि एमबीएची विचारपद्धत : कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साबण, चहा, बिस्किटं, तेल, मसाले, टूथपेस्ट अशा रोज लागणाऱ्या आणि झटपट खपणाऱ्या मालाच्या, म्हणजे एफएमसीजीच्या, धंद्यात मी बरीच वर्षं काढली. आता कोल्हापुरात या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींशी बोलणं होतं. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. माझं म्हणणं एवढंच की एमबीएत शिकवली जाणारी विचार करायची पद्धत या धंद्यात खरोखर कामाला येते, पण तिला धार किराणा दुकानाच्या काउंटरसमोरच लागते.

एफएमसीजीत नोकऱ्या कोणत्या असतात? सगळं सेल्सच का?

सगळं सेल्स नाही. ब्रँड, ट्रेड मार्केटिंग (दुकानात माल नीट मांडला आणि खपवला जावा हे बघणारं काम), सप्लाय चेन (माल पोचवण्याची साखळी), खरेदी, मार्केट रिसर्च, फायनान्स असे बरेच विभाग असतात. पण मार्केटिंगमध्ये जाऊ पाहणाऱ्यालाही कंपन्या आधी बाजारात फिरवतात. मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून घेतलेली मुलं सुरुवातीला कुठल्यातरी तालुक्याच्या गावी डिस्ट्रिब्युटरच्या (कंपनीचा माल घेऊन दुकानांना पुरवणाऱ्या व्यापाऱ्याच्या) सेल्समनबरोबर बीट, म्हणजे ठरलेल्या दुकानांची फेरी, करताना दिसतात. याला कमीपणा मानू नका. पुढे तुम्ही जे निर्णय घेणार, त्यांची मुळं इथेच रुजतात.

"एमबीएत विचार करायला शिकवतात" असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय?

याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

समजा, कागल ते गडहिंग्लज हा पट्टा तुमच्याकडे आहे. गेल्या महिन्यात चहापावडरची विक्री १२ टक्क्यांनी घसरली. वरून फोन येतो, "का घसरली?" नवखा माणूस पहिलं सुचेल ते सांगून मोकळा होतो : समोरच्या कंपनीनं स्कीम (दुकानदाराला जादा सूट किंवा फुकट माल) लावली, आपणही लावू या. कंपनी स्कीम देते, पैसे खर्च होतात, आणि पुढच्या महिन्यात आकडा तिथेच.

पद्धतशीर विचार करणारा आधी आकडा फोडतो. विक्री म्हणजे किती दुकानांनी माल घेतला, महिन्यात किती वेळा घेतला आणि दर वेळी किती घेतला, या तिघांचा गुणाकार. हे तिन्ही आकडे डिस्ट्रिब्युटरच्या बिलिंगमधून निघतात. ४०० दुकानांची ३५० झाली असतील आणि बाकीचे दोन आकडे जागच्या जागी असतील, तर स्कीमचा विषयच येत नाही. कुठलं तरी बीट सुटलेलं आहे. सेल्समन सोडून गेला, टेम्पो बंद पडला, की उधारी थकल्यामुळे डिस्ट्रिब्युटरनं काही दुकानांची बिलं थांबवली, एवढंच शोधायचं उरतं. दुकानं तेवढीच असतील पण दर वेळी निघणारा माल कमी झाला असेल, तर चौकशी वेगळी. दुकानात मागच्या महिन्याचा माल पडून आहे का? घाऊक बाजारातून तोच माल स्वस्त येतोय का? गिऱ्हाईक पाव किलोवरून दहा रुपयांच्या पुडीवर आलंय का?

दुसरी सवय याहून अवघड आहे. आपल्याला जे कारण वाटतं ते खोटं ठरवणारा पुरावा स्वतःहून शोधायचा. स्पर्धकाच्या स्कीममुळे विक्री पडली असं वाटत असेल, तर ती स्कीम जिथे लागलीच नाही अशा गावातला आकडा बघायचा. तिथेही तेवढीच घसरण असेल तर तुमचं कारण चुकलं. मनात धरलेलं कारण सोडून देणं माणसाला जड जातं. वर्गात केस स्टडीवर, म्हणजे एखाद्या कंपनीच्या खऱ्या प्रसंगावर, चर्चा करताना चाळीस जण तुमचं म्हणणं खोडून काढतात, तेव्हा ही सवय अंगवळणी पडायला लागते. म्हणून त्या तासाला गप्प बसणाऱ्यानं फीचा मोठा भाग वाया घालवला असं मी मानतो.

जुन्या केस स्टडी वाचून आज काय मिळणार?

घटना जुनी असते, निर्णयाची अडचण जुनी होत नाही. करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत निरमा विकायला सुरुवात केली. तेव्हाची प्रस्थापित पावडर हिंदुस्तान लिव्हरची (आताची हिंदुस्तान युनिलिव्हर) सर्फ, आणि निरमा तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. स्वस्त पावडर घेणारा हा आपला गिऱ्हाईकच नव्हे, असं या मोठ्या कंपनीला बरीच वर्षं वाटलं. पण वडीच्या साबणावर कपडे धुणाऱ्या घरांना पहिल्यांदा पावडर परवडत होती, म्हणजे बाजारच मोठा होत होता. पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हिंदुस्तान लिव्हरनं व्हील ही स्वस्त पावडर आणली. सर्फचा दर पाडण्यापेक्षा वेगळा माल, वेगळा खर्च, वेगळी वितरणाची घडी असा मार्ग त्यांनी घेतला. केस वाचताना स्वतःला विचारा : १९८० मध्ये मी त्या खुर्चीत असतो, तर मला कोणत्या आकड्यावरून कळलं असतं?

अगदी अलीकडचं उदाहरण हवं असेल तर २२ सप्टेंबर २०२५ घ्या. त्या दिवसापासून बिस्किटं, साबण, शाम्पू, टूथपेस्ट अशा मालावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. आता पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं काय करायचं? पाच रुपयांतून १८ टक्के कर काढला तर मूळ किंमत सुमारे ४ रुपये २४ पैसे. तिच्यावर ५ टक्के लावले की नवी एमआरपी येते साधारण ४ रुपये ४५ पैसे. गणित बरोबर आहे, पण राजारामपुरीतला दुकानदार ५५ पैसे परत कुठून देणार? दुसरा रस्ता म्हणजे किंमत पाचच ठेवून फायदा वजनात देणं, साधारण १२ टक्के माल जास्त. पण त्यासाठी पाकिटाचा रोल बदलावा लागतो, मशीनचं सेटिंग बदलावं लागतं, छापून ठेवलेल्या वेष्टनाचं काय हा प्रश्न येतो, आणि फायदा खरोखर गिऱ्हाईकापर्यंत पोचला हे सरकारला दिसावंही लागतं. कर, कारखाना, कायदा, काउंटर आणि गिऱ्हाईकाचं मन, सगळं एका पुड्यात. या एका प्रश्नावर मित्रांबरोबर दोन तास बसा. मार्केटिंगच्या पुस्तकातल्या दोन-तीन धड्यांचं काम होईल.

फ्रेमवर्क पाठ केली की भागेल का?

नाही. फ्रेमवर्क म्हणजे विचार करायचे तयार साचे. चार 'पी' (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) आणि स्वॉटचे (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) चौकोन कुणीही भरू शकतो. फ्रेमवर्कचा उपयोग एवढाच की एखादी बाजू बघायची राहून जात नाही. कोणती बाजू महत्त्वाची हे ते सांगत नाही. मुलाखतीत विचारलेलं नसताना स्वॉट काढणारा उमेदवार समोरच्याला लगेच कळतो.

माझं गणित कच्चं आहे. जमेल का?

गुणाकार, भागाकार, टक्केवारी आणि शेकडा नफ्याचा हिशेब पक्का असेल तर जमेल. पण तो इतका पक्का हवा की दुकानासमोर उभ्या उभ्या तोंडी करता आला पाहिजे. एक हिशेब इथे मांडतो, कारण सेल्समधल्या निम्म्या भांडणांचं मूळ यात आहे. आकडे समजण्यापुरते आहेत.

एका डिस्ट्रिब्युटरची महिन्याची विक्री २० लाख, मार्जिन ५ टक्के, म्हणजे हातात १ लाख. दोन सेल्समन, टेम्पो, गोडाऊनचं भाडं, हमाली, बिलिंग करणारा मुलगा मिळून ७० हजार खर्च. उरले ३० हजार, वर्षाचे ३ लाख ६० हजार. आता त्याचा पैसा अडकलाय किती? १५ दिवसांचा माल म्हणजे १० लाख, बाजारातली उधारी साडेसहा लाख, कंपनीकडून यायचे स्कीमचे आणि खराब मालाचे पैसे (क्लेम) दीड लाख. एकूण १८ लाख. म्हणजे त्याला वर्षाला २० टक्के सुटतात.

महिनाअखेर आली. तुमचं टार्गेट बाकी आहे म्हणून तुम्ही आणखी ४ लाखांचा माल त्याच्या गोडाऊनला उतरवला. विक्री वाढली नाही, फक्त अडकलेली रक्कम २२ लाख झाली. त्याचा परतावा २० वरून सोळा-साडेसोळा टक्क्यांवर आला. त्यातून बँकेच्या कॅश क्रेडिटचं (धंद्यासाठी घेतलेल्या फिरत्या कर्जाचं) व्याज वजा करा आणि त्यानं दिवसभर केलेल्या राबणुकीची मजुरी धरा. तो तुमच्यावर का चिडतो, पुढच्या महिन्यात तुमचा फोन का उचलत नाही, हे त्या एका भागाकारात दिसतं. "डिस्ट्रिब्युटर सहकार्य करत नाही" असा रिपोर्ट लिहिण्याआधी हा हिशेब कागदावर मांडणारा सेल्स ऑफिसर मला दहा हुशार बोलणाऱ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

कोल्हापुरात राहून ग्राहक कसा समजून घ्यायचा? मोठे मॉल तर मुंबई-पुण्यात.

मला तर वाटतं ग्राहक समजून घ्यायला कोल्हापूर जिल्ह्याइतकी चांगली जागा कमी सापडेल. इथे पैसा गावात कधी येतो हे तारखेसकट सांगता येतं.

दुधाचं घ्या. गोकुळ, म्हणजे १९६३ साली स्थापन झालेला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, आणि वारणानगरचा वारणा यांच्यामुळे खेड्यापाड्यातल्या घरात दुधाचं बिल ठरावीक दिवसांनी येत राहतं. करवीर, राधानगरी, भुदरगड भागात दहा दिवसांच्या दूधबिलावर घरखर्च चालवणाऱ्या बायका भरपूर आहेत. उसाचा पैसा मात्र वेगळ्या चालीनं येतो. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण ते वेळेवर मिळतातच असं नाही, आणि त्यासाठी दरवर्षी आंदोलनं होतात.

आता या दोन पैशांचा तुमच्या मालाशी संबंध लावा. दूधबिलाच्या पैशातून रोजचा चहा, साबणाची वडी, तेलाची पिशवी येते. ऊसबिलातून मोठा डबा, पाच किलोचं पॅक, घरातलं लग्न, दुकानाची थकलेली उधारी. एखाद्या गावात जानेवारीत मोठ्या पॅकची विक्री पडली, तर जाहिरातीला दोष देण्याआधी तिथल्या कारखान्याचं बिल झालंय का हे विचारावं. दुकानदाराच्या उधारीच्या वहीत ते सगळ्यात आधी दिसतं. शिरोळ तालुक्यातले एक दुकानदार मला वही उघडून दाखवायचे : ज्या आठवड्यात ऊसबिल जमा होतं, त्या आठवड्यात पानभर नावांवर आडव्या रेघा. लाखो रुपये मोजून केलेल्या मार्केट रिसर्चला हे पान कधी कधी भारी पडतं.

शिवाय सणांची चाल आहे. गुढीपाडव्याला श्रीखंड, चैत्रात जोतिबाची यात्रा, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणारी गर्दी, उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी करायची लगबग. मिरची, कांदा-लसूण चटणीच्या दिवसांत तयार मसाल्याचं काय होतं? लक्ष्मीपुरीत जाऊन घाऊक व्यापाऱ्याला विचारा. शाहूपुरीत आणि मार्केट यार्डात गुळाचे सौदे बघा. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तोच गूळ एक किलोच्या देखण्या डब्यात गेला की दर कुणाच्या हातात जातो, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, वाहतूक दिवसेंदिवस थांबली. पुण्याच्या डेपोतून माल येणारच नाही असं गृहीत धरून जुलैत कोणत्या मालाचा किती साठा कुठे ठेवायचा? सखल भागातलं गोडाऊन बदलायचं का? सप्लाय चेनचा यापेक्षा खरा प्रोजेक्ट मला तरी माहीत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरून परदेशी कंपनी उचलण्यापेक्षा हा विषय घ्या.

एमबीए कोल्हापुरात करावं की पुण्या-मुंबईला?

सीईटीत किंवा कॅटमध्ये गुण चांगले असतील आणि घरची परिस्थिती असेल, तर मोठ्या संस्थेत जा. मोठ्या कंपन्या मॅनेजमेंट ट्रेनी घ्यायला निवडक कॉलेजांतच जातात, हे वास्तव आहे. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ पासून या धंद्याला माणसं पुरवते आहे. हिंदुस्तान युनिलिव्हरचे प्रमुख झालेले नितीन परांजपे पुण्यात इंजिनिअरिंग करून तिथेच शिकले.

तिकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून दारं बंद होत नाहीत. कोल्हापुरात १९७६ पासून चालणारी 'सायबर' ही व्यवस्थापन शिकवणारी संस्था आहे, शिवाजी विद्यापीठाचा स्वतःचा विभाग आहे. इथून निघालेल्याला बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युशन सांभाळणाऱ्या पदापासून सुरुवात करावी लागते, पण त्याला भाग माहीत असतो, भाषा येते. चार-पाच वर्षांनी कामच बोलतं. फक्त कॉलेज निवडताना इमारत बघू नका. वर्गात केसवर चर्चा होते का, की नोट्स लिहून देतात, हे सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा.

इंग्रजी कच्चं असेल तर?

बोलण्यात अडखळलात तर चालतं. विचारात अडखळणं महागात पडतं. ब्रँड मॅनेजर या पदाचं मूळ १९३१ सालच्या एका टिपणात आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये कॅमे साबणाच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी ते लिहिलं. एका ब्रँडची सगळी जबाबदारी एका माणसाकडे आणि त्याच्या हाताखालच्या छोट्या गटाकडे द्या, अशी मागणी त्यात होती. तीन पानांचं टिपण, आणि जगभरातल्या कंपन्यांची रचना त्यामुळे बदलली.

म्हणून लिहायचा सराव मराठीत सुरू करा, मग इंग्रजीत न्या. आधी काय करायला हवं ते, मग का, मग खर्च किती. "मी मंगळवारी बाजारात गेलो, तेव्हा असं दिसलं की" अशी सुरुवात केलेला मेल साहेब अर्ध्यात सोडतात. "गडहिंग्लजला दुसरा सेल्समन द्यावा. ५० दुकानं सुटली आहेत. नव्या माणसाचा पगार त्या दुकानांच्या मार्जिनमधून निघतो की नाही, याचा हिशेब खाली दिला आहे." हे वाचलं जातं.

मुलीला सेल्समध्ये पाठवावं का? घरच्यांना काळजी वाटते.

काळजी रास्त आहे. दिवसभर बाजारात फिरताना स्वच्छतागृह मिळत नाही, मुक्कामाच्या गावी लॉज नीट नसतं, काही घाऊक व्यापारी मुलीशी धंद्याचं बोलायलाच तयार नसतात. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी कंपनीला थेट विचारा : मुक्कामाची सोय काय, गाडी मिळते का, तक्रार करायची तर कुणाकडे. जी कंपनी गुळमुळीत उत्तर देते ती सोडा. पण क्षेत्र सोडू नका. घरातली बहुतेक खरेदी बाई ठरवते, आणि ती का ठरवते हे समजायला टीममध्ये बायका असणं कंपनीच्याच फायद्याचं आहे.

क्विक कॉमर्स (काही मिनिटांत घरपोच माल देणाऱ्या कंपन्या) आणि ऑर्डरच्या ॲपमुळे हे सगळं संपणार का?

ऑर्डर लिहून घेण्याचं काम कमी होईल. दुकानदार मोबाईलवरून स्वतःच ऑर्डर टाकेल. कुठल्या दुकानात कोणता माल ठेवावा, त्याला जागा किती मिळावी, दुकान आणि ॲप या दोन वाटांमधल्या दरातल्या फरकामुळे उठणारं भांडण कसं मिटवावं, ही कामं वाढतील.

आमचा घरचा चटणी-मसाल्याचा धंदा आहे. मला एमबीएचा काय उपयोग?

नोकरी करणाऱ्याहून जास्त. घरच्या धंद्यात बहुधा चव उत्तम असते आणि हिशेब एकत्र असतो. आधी प्रत्येक पॅकचा खर्च वेगळा काढा : मिरची, खोबरं, तेल, दळण, पिशवी, लेबल, वाहतूक, खराब होणारा माल. २०० ग्रॅमचं पाकीट नफ्यात आणि ५० ग्रॅमचं तोट्यात असं बऱ्याचदा निघतं. मग उधारी. मॉलवाल्यांची ऑर्डर आली की सगळे खूश होतात, पण पैसे दोन महिन्यांनी आले तर मिरचीच्या हंगामात खरेदीला पैसा कुठून आणणार? हंगामात भरलेली मिरची वर्षभर पुरवायची असते. एफएसएसएआयचा (खाद्यपदार्थांसाठी लागणारा सरकारी) परवाना आणि पाकिटावरचा मजकूर सुरुवातीलाच नीट करून घ्या. आणि पुण्याला जायच्या आधी सांगली, बेळगाव, निपाणी धरा. तिथे आपली चव ओळखीची आहे, वाहतूक कमी आहे.

मुलाखतीत अंदाज बांधायचे प्रश्न विचारतात. उत्तर कसं द्यायचं?

समजा विचारलं, "कोल्हापूर शहरात महिन्याला टूथपेस्ट किती खपते?" २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साधारण साडेपाच लाख. चार माणसांचं घर धरलं तर सुमारे १ लाख ३७ हजार घरं. एका वेळी १ ग्रॅम पेस्ट, काही जण दोनदा घासतात म्हणून माणशी दिवसाला सव्वा ग्रॅम. घराला महिन्याला १५० ग्रॅम. झाले सुमारे २० टन. मग वजाबाकी : मिश्री लावणाऱ्या आजी, दंतमंजनवाले, तान्ही मुलं. त्यासाठी समजा १५ टक्के काढले, तर १७ टनांच्या आसपास. वाढही धरायची, कारण जनगणना जुनी आहे.

उत्तर १७ आलं की २१, यावर गुण नसतात. तुम्ही कोणती गृहीतकं बोलून दाखवलीत, आणि त्यातलं सगळ्यात डळमळीत कोणतं हे तुम्हाला ठाऊक आहे का, हे बघतात. वर मिश्रीचा मुद्दा पुण्या-मुंबईच्या उमेदवाराला सुचेलच असं नाही. तुम्हाला सुचला तर बिनधास्त बोला.

मी तीन वर्षं डिस्ट्रिब्युटरकडे सेल्समन आहे. आता एमबीए करू का?

जरूर करा, आणि नोकरी सोडणं परवडत नसेल तर नोकरी सांभाळून करता येणारा अभ्यासक्रम बघा. तुमच्याकडे जे आहे ते वर्गातल्या इतरांकडे नाही. मात्र ते सध्या तुमच्या डोक्यात आहे, कागदावर नाही. आजपासून बीटवरच्या वीस दुकानांची नोंद सुरू करा : दर फेरीला शिल्लक माल, नवी ऑर्डर, उधारी, समोरच्या कंपनीची स्कीम. प्रवेश मिळेपर्यंत वर्षभराचा आकडा हातात असेल. तोच प्रोजेक्ट म्हणून मांडा. मार्गदर्शक नेमताना शिक्षकांना तो आधी दाखवा, आणि दुकानांची नावं मात्र काढून टाका.